गाव सोडणारे आणि धर्म सोडणारे



मुळशी तालुक्यातील उपासक बंधूंपुढे पौड येथे जे विचार मी मांडले, ते ज्यांना त्या सभेस येणे जमले नाही त्यांच्यापर्यंतही जावेत, या हेतूने हे भाषण येथे देत आहे. विषय प्रथमदर्शनी दूरचा वाटेल. सुमारे चारशे वर्षांपूर्वी युरोपातील हजारो माणसे आपले घरदार, शेतीवाडी, आईबापांच्या कबरी मागे टाकून महासागरापलीकडच्या अनोळखी खंडात जाऊन राहिली. ती का गेली, हा तो प्रश्न होय. मुळशीच्या डोंगरात बसून आपण अमेरिकेची उठाठेव का करावी, असे कोणी विचारील. त्याला माझे उत्तर असे की, हाच प्रश्न निराळ्या शब्दांत आपल्याला रोज विचारला जातो. "तुम्ही बापजाद्यांचा धर्म का सोडला?" असे आपल्याला विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतात. कोणी म्हणतो रागाने सोडला, कोणी म्हणतो सवलतींसाठी सोडला, कोणी म्हणतो एका पुढाऱ्याच्या शब्दाखातर सोडला. माणूस आपले जन्माचे घर केव्हा सोडतो, कशासाठी सोडतो आणि सोडल्यावर त्याला काय मिळते, याचा नीट विचार केल्यावाचून या आक्षेपांना उत्तर देता येणार नाही.

पाठ्यपुस्तकातील गोष्ट अशी की, धर्मस्वातंत्र्यासाठी काही सात्त्विक माणसे मेफ्लॉवर नावाच्या गलबतात बसून १६२० साली अमेरिकेस गेली. ही गोष्ट खोटी नाही, परंतु अपुरी आहे. त्या गलबतात शंभरावर उतारू होते आणि त्यांतील निम्म्याहून कमी माणसे धर्मासाठी निघालेली होती. उरलेली पोटासाठी, जमिनीसाठी किंवा दुसऱ्याची चाकर म्हणून निघाली होती. म्हणजे एकाच गलबतात चार प्रकारची माणसे चार निरनिराळी कारणे उराशी धरून बसली होती. ती कारणे आपण एकेक करून पाहू.

पहिले कारण विवेकबुद्धीचे. इंग्लंडात त्या काळी राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म होता. १५५९ च्या कायद्याने दर रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये हजर राहणे सक्तीचे केले होते व गैरहजर राहणाऱ्यास १२ पेन्स दंड होता. १५९३ साली याहून कडक कायदा झाला. जो चर्चमध्ये येणार नाही आणि निराळ्या प्रार्थनासभा भरवील त्याला तुरुंग. तुरुंगातूनही तो वठणीवर आला नाही तर त्याने देश सोडावा, आणि सोडून परत आला तर देहान्त. स्क्रूबी नावाच्या खेड्यातील काही माणसांनी या जाचाला कंटाळून हॉलंडला जाण्याचे ठरवले. पण परवान्याशिवाय देश सोडणे हाही गुन्हाच होता. १६०७ साली त्यांचा पहिला प्रयत्न फसला, ती पकडली गेली आणि त्यांतील काहींना तुरुंगाची हवा खावी लागली. ही परिस्थिती तुम्ही नीट ध्यानात घ्या. राहावे तर मानाने राहू देत नाहीत, आणि जावे तर जाऊ देत नाहीत. ही कोंडी आपल्या समाजाला ओळखीची आहे.

शेवटी ती माणसे हॉलंडात पोहोचली आणि लायडन शहरात दहाबारा वर्षे राहिली. तेथे त्यांच्या उपासनेला कोणी हात लावला नाही. मग तेथून तरी ती का निघाली? कारण तेथे त्यांना विणकामासारखी अंगमेहनतीची कामे करून कसेबसे जगावे लागे, त्यांची मुले डच रीतीभातीत विरघळून चालली होती, आणि स्पेनशी झालेला युद्धविराम १६२१ साली संपणार होता. म्हणजे धर्मस्वातंत्र्य मिळाल्यावरही त्यांचे समाधान झाले नाही. नुसती उपासनेची मोकळीक मिळून भागत नाही. पोट भरले पाहिजे, मुलांचे भवितव्य दिसले पाहिजे आणि समाज म्हणून उभे राहता आले पाहिजे.

दुसरे कारण जमिनीचे. इंग्लंडात सामायिक गायराने व पडीक माळ कुंपणे घालून मोठ्या जमीनदारांच्या घशात चालले होते. वारसाहक्काच्या रूढीने मिळकत थोरल्या मुलाकडे जाई आणि धाकटी मुले उघडी पडत. अशा माणसांना पलीकडच्या खंडातील अफाट जमिनीचे वर्णन ऐकून मोह पडला नसता तरच नवल. १६०७ साली व्हर्जिनियात जेम्सटाउनची जी वसाहत झाली ती धर्मासाठी नव्हे, तर नफ्यासाठी भांडवल गोळा केलेल्या एका कंपनीने वसवली होती.

तिसरे कारण कर्जबांधील चाकरीचे. ज्याच्याजवळ प्रवासखर्च नव्हता तो करारावर अंगठा करी आणि चार ते सात वर्षे धन्याची चाकरी पत्करी. न्यू इंग्लंडच्या दक्षिणेकडील वसाहतींत गेलेल्या गोऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे अशी बांधील होती. यातील मेख पाहा. व्हर्जिनियात जो दुसऱ्याचा प्रवासखर्च भरील त्याला माणशी ५० एकर जमीन मिळे. म्हणजे समुद्र ओलांडला चाकराने, आणि जमीन झाली धन्याच्या नावे. आपल्या मराठी मुलखालाही हा करार अपरिचित नाही. १८३४ नंतर कोकणातील कितीतरी कुटुंबे ऊसमळ्यांच्या करारावर मॉरिशसला गेली. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी म्हणून ओळखले जातात.

चौथे कारण म्हणजे वास्तविक कारणच नव्हे, ती केवळ जबरदस्ती होती. १६१९ साली व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर आफ्रिकेतून पकडून आणलेली काही माणसे उतरवण्यात आली. त्यांनी घर सोडले नव्हते, त्यांच्यापासून घर हिरावून घेतले होते. 'स्थलांतर' हा एकच शब्द वापरून या चौघांना एका रांगेत बसवणे म्हणजे इतिहासाची फसवणूक करणे होय. जो आपल्या बुद्धीने निघतो आणि ज्याला ढकलून काढले जाते, त्या दोघांच्या पावलांचे ठसे वाळूत सारखेच उमटतात, पण न्यायाच्या पुस्तकात ते सारखे नसतात.

आता मुळशीकडे वळू. या तालुक्याने घर सोडण्याचा चौथा प्रकार स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आहे. मुंबईच्या गिरण्यांना वीज पुरवण्यासाठी टाटांच्या कंपनीने मुळा नदीवर धरण घालण्याचे काढले. पन्नासाच्या आसपास गावे त्यात जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, येथे सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांना लोक 'सेनापती' म्हणू लागले ते याच लढ्यापासून. विनायकराव भुस्कुटे यांनीही त्यात झीज सोसली. १९२४ पर्यंत हा झगडा चालला, माणसे तुरुंगात गेली, आणि अखेर पाणी चढले ते चढलेच. सरकारच्या हातात शस्त्र होते ते १८९४ च्या भूसंपादन कायद्याचे. त्या कायद्याने मोबदला देण्याची सोय केली होती खरी, पण कोणाला? ज्याचा जमिनीत हितसंबंध आहे त्याला. ज्याच्या नावावर काहीच नव्हते, जो दुसऱ्याच्या बांधावर मजुरी करी, जो गावाची मेलेली ढोरे ओढून पोट भरी, त्याचे गाव बुडाले तर त्याचे काय बुडाले, हा हिशोब त्या कायद्याच्या वहीत मांडलेलाच नव्हता. जमीनवाल्याचे शेत बुडाले. भूमिहीनाचे मात्र शेताखेरीज सर्व काही बुडाले, आणि त्याची किंमत शून्य धरली गेली.

मुळशीच्या शेतकऱ्याने दिलेला तो लढा मोठा होता, यात शंका नाही. त्याचा अभिमान या तालुक्याने अवश्य बाळगावा. परंतु अभिमान बाळगताना गावकुसाबाहेरच्या त्या शून्याची आठवणही ठेवावी, एवढेच माझे म्हणणे आहे. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा महाराष्ट्राने केला तो १९७६ साली, म्हणजे सत्याग्रहानंतर ५५ वर्षांनी. आणि १८९४ चा कायदा जाऊन त्याच्या जागी २०१३ चा कायदा आला, तो १ जानेवारी २०१४ पासून अंमलात आहे. त्यात प्रथमच 'बाधित कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत संपादनापूर्वी तीन वर्षे त्या भागात राबणारा शेतमजूर, कूळ व कारागीरही आला. ज्याचा हिशोब नव्हता त्याला कायद्याच्या वहीत एक ओळ मिळण्यास नव्वद वर्षांहून अधिक काळ लागला.

मुळशीच्या पाण्याने निर्माण केलेली वीज घाट उतरून मुंबईस गेली. त्याच मुंबईस आपल्या समाजाची माणसेही गेली. ती का गेली? १८९० नंतरच्या काही वर्षांत महारांची लष्करभरती बंद झाली, तेव्हा मानाने गाव सोडण्याचा एक जुना रस्ता बंद झाला. गावात राहावे तर वतनाची चाकरी होती. १८७४ च्या वतन कायद्याने बांधलेला महार रात्रंदिवस सरकारचा आणि गावाचा नोकर होता. तो येसकरकी करी, सांगावे पोहोचवी, अंमलदारांची सरबराई करी. तो घरी नसेल तर घरातील दुसऱ्याने ते काम करावे, अशी अपेक्षा असे. बदल्यात तुटपुंजी वतनी जमीन आणि दारोदार हिंडून मिळवायचे बलुते. व्हर्जिनियाच्या चाकराला सात वर्षांनी तरी सुटका होती. आमच्या चाकरीला मुदत नव्हती, ती बापाकडून मुलाकडे येई. म्हणूनच डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात या कायद्याच्या दुरुस्तीचे बिल मांडले. जमिनीचा तुकडा हाच पायातील साखळदंड आहे, हे त्यांनी ओळखले होते. ते वतन कायद्याने गेले १९५८ च्या अधिनियमाने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

तेव्हा आपला माणूस गाव सोडून मुंबईला गेला, गोदीत गेला, रेल्वेत गेला, गिरणीत गेला. पण गिरणीत त्याला काय दिसले? विणकाम खात्यात पगार बरा होता, आणि नेमके तेच खाते त्याला बंद होते. कारण काय, तर धोट्यातील सूत तोंडाने ओढून घ्यावे लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण कामगारास चालत नसे. गाव शंभर मैल मागे राहिले, पण गावकूस त्याच्या आधीच गिरणीत येऊन उभे होते. मुळशीच्या पाण्यावर चालणारा माग कोणाच्याही हाताने चालला असता. विजेला जात नव्हती, माग चालवणाऱ्या समाजाला होती.

आता वाचकहो, आपण या विषयाच्या गाभ्याशी आलो. माणूस घर सोडतो तेव्हा तो बरोबर काय नेतो? अमेरिकेत गेलेल्या त्या धर्मनिष्ठ माणसांनी काय नेले ते पाहा. किनाऱ्याला लागण्यापूर्वी गलबतावरच ४१ पुरुषांनी एका करारनाम्यावर सह्या केल्या की, आपण सर्व मिळून कायदे करू आणि ते पाळू. वकील या नात्याने मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. नव्या जमिनीवर पाऊल टाकण्याआधी त्यांनी नियम लिहून काढला. परंतु त्यांच्यामागून १६३० च्या सुमारास जे हजारो प्युरिटन मॅसॅच्युसेट्समध्ये आले, त्यांनी आपल्या पेटाऱ्यात इंग्लंडातील जुलूमही भरून आणला होता. रॉजर विल्यम्स नावाचा धर्मोपदेशक म्हणू लागला की, राजसत्तेने कोणाच्या श्रद्धेत हात घालू नये. त्याला त्यांनी हद्दपार केले, आणि १६३६ साली त्याने प्रॉव्हिडन्स ही निराळी वसाहत स्थापली. क्वेकर पंथाच्या लोकांना त्यांनी प्रवेशबंदी केली आणि १६५९ ते १६६१ या काळात चौघांना बॉस्टनमध्ये फासावर चढवले, त्यांत मेरी डायर नावाची एक स्त्री होती. ज्यांना चर्चच्या सक्तीने देशोधडीला लावले होते, त्यांनीच चर्चची सक्ती केली. छळ झालेला माणूस आपोआप न्यायी होत नाही. न्याय हा शिकावा लागतो, आणि नियमाने बांधून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट आपल्या विषयाशी याहूनही जवळची आहे. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकनांपैकी काहींनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. ख्रिस्ती माणसाने ख्रिस्ती माणसाला गुलाम कसे ठेवावे, असा प्रश्न उठू लागला. १६६७ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने त्याचे उत्तर कायद्याने दिले की, बाप्तिस्मा घेतल्याने गुलामाच्या स्थितीत काहीही फरक पडणार नाही. देवाच्या दारात तो बंधू, धन्याच्या दारात तो मालमत्ता. केवळ धर्मांतराने हक्क मिळत नाहीत, हा धडा या एका कायद्यात आहे. हक्कांची लढाई धर्मांतराबरोबर चालली पाहिजे, नाहीतर नव्या देवळातही आपली जागा पायरीवरच राहते.

तिसरी गोष्ट ही की, तो खंड रिकामा नव्हता. प्लिमथची वसाहत जेथे झाली तेथे पूर्वी पटुक्सेट नावाचे गाव होते. युरोपियनांबरोबर आलेल्या रोगांच्या साथीत १६१६ ते १६१९ या काळात ते गाव उजाड झाले होते. तेथल्या वांपानोआग लोकांच्या मदतीवाचून पहिल्या हिवाळ्यात वाचलेले नवागतही जगले नसते, कारण त्या हिवाळ्यात त्यांच्यातील जवळजवळ निम्मी माणसे दगावली होती. पुढे त्या मदतगारांच्याच जमिनी गेल्या. एकाची मुक्ती दुसऱ्याच्या उच्छेदावर उभी राहिली, तर तिला मुक्ती म्हणवत नाही.

बाबासाहेबांनी हा खंड प्रत्यक्ष पाहिला होता. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली न्यू यॉर्कला गेले आणि १९१६ पर्यंत कोलंबिया विद्यापीठात शिकले. जेथे त्यांची जात कोणी विचारीत नव्हते अशा भूमीत ते राहून आले. पुढे लंडनचा अभ्यास अर्धवट टाकून १९१७ साली बडोद्यास नोकरीवर रुजू झाले, तो पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या जमावाने बाहेर काढले. देशांतराचा मार्ग बाबासाहेबांना ठाऊक नव्हता असे नव्हे. पण एका माणसाच्या देशांतराने कोट्यवधींचा प्रश्न सुटत नाही, हे त्यांनी जाणले होते.

१९३५ साली गुजरातेत कविठा गावी अस्पृश्यांनी आपली मुले शाळेत बसवावी म्हटले, म्हणून सवर्णांनी त्यांच्यावर हल्ला केला, बहिष्कार टाकला, विहिरीत रॉकेल ओतले. गांधीजींनी त्या लोकांना गाव सोडून जाण्याचा सल्ला दिला. त्यात तथ्य नव्हते असे मी म्हणणार नाही, प्राण वाचवण्यास कधीकधी गाव सोडावेच लागते. परंतु गाव सोडून जायचे कोठे? दुसऱ्या गावीही महारवाडा गावाबाहेरच असणार. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला येवल्यास बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. एका वर्षात दोन सल्ले मिळाले. एक पायांना होता, दुसरा मनाला. ज्या व्यवस्थेमुळे प्रत्येक गाव कविठा होऊ शकते, तीच सोडा, असे दुसरा सल्ला सांगत होता.

याचा अर्थ बाबासाहेबांनी स्थलांतराचा मार्ग टाकून दिला असा कोणी घेऊ नये. १९४२ च्या जुलैत नागपूरला भरलेल्या परिषदेने अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी केली. १९४७ साली घटना समितीपुढे ठेवण्यासाठी लिहिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी पडीक जमिनीवर स्वतंत्र वसाहती आणि त्यासाठी सरकारी वसाहत आयोग मागितला होता. म्हणजे नवा खंड त्यांनी समुद्रापलीकडे न शोधता याच देशाच्या पडीक रानात मागितला, आणि तोही कोणाला न हुसकता. ती मागणी पुरी झाली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास लाखोंनी जे देशांतर केले ते पाऊल न हलवता केले. गलबत नव्हते, समुद्र नव्हता. त्या लोकांनी २२ प्रतिज्ञा घेतल्या. मेफ्लॉवरवरील ४१ जणांच्या कराराची आठवण मला येथे होते. मात्र त्या करारावर एकाही स्त्रीची सही नव्हती, आणि दीक्षाभूमीवर आमच्या माताभगिनींनी त्याच प्रतिज्ञा आपल्या मुखाने उच्चारल्या.

आणि त्या प्रतिज्ञांचे काम काय? पेटारा तपासणे, हेच त्यांचे काम आहे. जुन्या घरातून काय न्यायचे आणि काय टाकायचे याची ती यादी आहे. सर्व माणसे समान मानीन, ही प्रतिज्ञा घेऊन जो लग्नाच्या वेळी पोटजात विचारतो, तो बॉस्टनच्या प्युरिटनाहून वेगळा नाही. त्याने घर बदलले, पेटारा मात्र जुनाच ठेवला. आज सुशिक्षित भारतीय त्याच अमेरिकेत मोठ्या संख्येने गेले आहेत, आणि त्यांच्याबरोबर जातही विमानात बसून गेली. २०२३ च्या फेब्रुवारीत सिअॅटल शहराच्या नगरपरिषदेला जातिभेदास बंदी करणारा कायदा करावा लागला. नव्या खंडाला जातीचा प्रश्न ठाऊक नव्हता, आपल्या माणसांनी तो तेथे नेला, आणि आपल्याच माणसांना तेथे त्याविरुद्ध उभे राहावे लागले.

आता कायद्याचे बोलतो, कारण हक्कांवाचून धर्मांतराची गोष्ट अर्धी राहते हे वर आले आहे. संविधानाने आपल्याला सोडून जाण्याचे दोन हक्क दिले आहेत. अनुच्छेद १९ ने भारतात कोठेही जाण्याचा, राहण्याचा व स्थायिक होण्याचा हक्क दिला. अनुच्छेद २५ ने सद्सद्विवेकबुद्धीचे आणि धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले. पहिला गाव सोडण्याचा, दुसरा धर्म सोडण्याचा. स्क्रूबीच्या माणसांना हे दोन्ही नव्हते. पण या दोन्ही हक्कांना काटे होते. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात हिंदू धर्माबाहेरील माणसास अनुसूचित जातीचा दर्जा नाकारला होता. १९५६ साली शिखांची भर पडली. ज्यांनी त्याच वर्षी बुद्धाला शरण जाऊन जातीचा त्याग केला, त्यांच्या हातून केंद्राच्या सवलती गेल्या, आणि त्या परत मिळाल्या १९९० साली, ३४ वर्षांनी. महाराष्ट्र राज्याने १९६० नंतर आपल्यापुरती सोय केली, पण केंद्राचे दार बंदच होते. सवलतींसाठी धर्म सोडला असे म्हणणाऱ्यांनी हे ३४ वर्षांचे गणित एकदा करून पाहावे. लोभी माणूस मिळते ते टाकून जात नाही.

त्याच १९९० साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निकाल दिला की, एका राज्यातील अनुसूचित जातिजमातीचा माणूस दुसऱ्या राज्यात गेला तर मूळ राज्यातील दर्जा तेथे आपोआप चालत नाही. आज आपल्याच तालुक्यातील हिंजवडीस देशभरातून माणसे पोटासाठी येतात. त्यांपैकी कितीतरी आपल्यासारखीच आहेत. ती जातीचा जाच बरोबर घेऊन येतात, पण जातीसाठी मिळणारे संरक्षण राज्याच्या सीमेवर ठेवून येतात. हा अन्याय आहे असे माझे मत आहे, आणि तो दूर होईपर्यंत शेजाऱ्याने शेजाऱ्याला आधार देणे हे बौद्धाचे कर्तव्य आहे.

व्यवहाराच्या चार गोष्टी सांगतो. पहिली, गाव सोडा, पण गावचा कागद सोडू नका. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, गाव नमुना नंबर १४ चा उतारा, कोतवाल बुकातील नोंद, यांपैकी जे मिळेल ते आजच काढून ठेवा. म्हातारी माणसे हयात आहेत तोवर नावे व नाती लिहून घ्या. दुसरी, जनगणनेत धर्माच्या रकान्यात निःसंकोच 'बौद्ध' लिहा. त्याने अनुसूचित जातीचा दर्जा जात नाही. तिसरी, वतनाची जमीन पुन्हा मिळाली असेल तर ती नव्या शर्तीची आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून ती विकता येत नाही, हे विसरू नका. शहराची वाट धरताना कोणी कोऱ्या कागदावर सही मागितली तर देऊ नका. मुळशीत जमिनीला सोन्याचा भाव आला आहे, आणि जेथे भाव येतो तेथे दलाल आधी येतो. चौथी, कोणी दहशतीने घर किंवा गाव सोडायला लावीत असेल तर मुकाट्याने बिऱ्हाड हलवू नका. अनुसूचित जातिजमातीच्या माणसाला आपले घर वा गाव सोडण्यास भाग पाडणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे. फिर्याद लेखी द्या, तिची नक्कल घ्या, तारीख लिहून ठेवा.

कारण जाण्याच्या हक्काला किंमत येते ती राहण्याच्या हक्काने. ज्याला मानाने राहता येत नाही त्याचे जाणे हे स्वातंत्र्य नव्हे, ती हकालपट्टी होय. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि अनुच्छेद २३ ने वेठबिगार बंद केली, ती आपल्याला आहे त्या जागी उभे राहता यावे म्हणून.

तेव्हा यापुढे तुम्हाला कोणी विचारले की तुम्ही बापजाद्यांचे घर का सोडले, तर सांगा की ज्या घरात आम्हाला ओसरीवरही जागा नव्हती ते घर आमचे कधीच नव्हते. आम्ही शोधतो ती समतेची भूमी याच देशात आहे. ती वसवण्यासाठी आम्हाला कोणाला हुसकावून लावायचे नाही. पण आमचा पेटारा आम्हालाच तपासावा लागेल, आणि आमचे कागद आम्हालाच सांभाळावे लागतील. बुद्धाने सांगितले आहे की माणसाने स्वतःच स्वतःचा दीप व्हावे. मुळशीच्या पाण्याची वीज मुंबईला गेली, हा दीप मात्र ज्याचा त्याने आपल्या घरात लावायचा आहे.

जय भीम!